वरळीची स्मशानभूमी: आपल्या माणसांची शेवटची जागा कुणाच्या नोंदीत आहे?

दरवर्षी 6 डिसेंबरला लाखो लोक दादरच्या चैत्यभूमीवर येतात. रात्रभर रांगेत उभे राहतात, पुस्तके घेतात, माथा टेकवतात आणि गावी परततात. तिथून काही किलोमीटरवर, वरळीत डॉ. ई. मोझेस मार्गावर आणखी एक स्मशानभूमी आहे. 27 मे 1935 रोजी राजगृहात रमाईंनी शेवटचा श्वास घेतला आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते या वरळीच्या स्मशानभूमीत. तिथे त्यांचे स्मृतिस्थळ आहे. 27 मे रोजी काही कार्यकर्ते, काही महिला मंडळे तिथे जातात. पण आज चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या असलेल्या किती तरुणांना वरळीचा पत्ता सांगता येईल?

वरळीत आज बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. वस्ती बदलते तेव्हा तिच्या स्मशानाचाही इतिहास बदलतो. कोण कुठे जळाले, कोण कुठे पुरले गेले हे सांगणारी माणसे दुसरीकडे राहायला जातात आणि मग उरतो तो फक्त जमिनीचा भाव. त्याच वेळी स्मशान आणि दफनभूमीचे प्रश्न देशभर न्यायालयांत येत आहेत. म्हणून हा विषय आज मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

एका रस्त्यावरची अनेक स्मशाने

मुंबईतील स्मशानांचा इतिहास म्हणजे शहर वाढत गेले तसे मृतांना बाहेर ढकलत नेल्याचा इतिहास आहे. इंग्रजांची पहिली दफनभूमी दक्षिण टोकाला मेंढम्स पॉइंटला होती. अठराव्या शतकात किल्ल्याच्या तटबंदीसाठी ती हटवली आणि दफने गिरगावजवळ सोनापूरला सुरू झाली. बॅक बेच्या त्या किनाऱ्यावर हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशी सगळ्यांचीच स्मशाने शेजारी शेजारी होती. जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात ‘सोनापूर’ म्हणजे स्मशान असाच अर्थ रूढ झाला, तो यातूनच.

पुढे शहर सोनापूरपर्यंत आले. मृतांना आणखी लांब न्यायचे ठरले. आर्थर क्रॉफर्डच्या काळात, 1865 च्या सुमारास, शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. सोनापूरचे हिंदू स्मशानही शिवडीला हलवण्याचा सरकारी बेत होता. जगन्नाथ शंकरशेट यांनी त्याला विरोध केला आणि ते स्मशान जागेवर राहिले. यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या समाजाकडे सरकारदरबारी बोलणारा, वजन असलेला माणूस होता, त्याचे स्मशान वाचले. ज्यांच्याकडे तसा माणूस नव्हता, त्यांच्या जागांचे काय झाले हे शोधायला आज कागदही सापडत नाही.

वरळीचा भाग असाच शहराच्या कडेचा होता. आजच्या डॉ. ई. मोझेस मार्गाचे जुने नाव हेन्स रोड. हे डॉ. मोझेस बेने इस्रायली समाजाचे, 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर झालेले. या रस्त्याच्या आसपास हिंदू स्मशान आहे, ख्रिस्ती आणि ज्यू दफनभूमी आहेत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची जपानी दफनभूमीही आहे.

या जपानी दफनभूमीकडे आपण बौद्धांनी जरूर पाहावे. 1893 मध्ये जपान आणि मुंबई यांच्यात कापसाच्या व्यापारासाठी थेट जहाजे सुरू झाली. त्यानंतर व्यापारी आले, खलाशी आले आणि गरिबीमुळे विकल्या गेलेल्या, कामाठीपुऱ्यात येऊन पडलेल्या जपानी स्त्रियाही आल्या. घरापासून हजारो मैलांवर मेलेल्या या माणसांसाठी वरळीत जागा झाली. पुढे निचिदात्सु फुजी यांच्या निप्पोनझान म्योहोजी संघाचे बुद्धविहार याच वरळीत, डॉ. अॅनी बेझंट मार्गावर उभे राहिले. म्हणजे 1956 च्या धम्मक्रांतीच्या कितीतरी आधी, गिरणगावाच्या शेजारी, बौद्ध माणसे या मातीत विसावली होती. आपल्या शाखांच्या सहलींत अजिंठा असतो, वेरूळ असते. वरळीची ही जागा आपल्या यादीत नसते.

बीडीडी चाळ आणि शेवटचा प्रवास

1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी चाळी बांधल्या. एकट्या वरळीत 121 चाळी होत्या. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथेही त्या उभ्या राहिल्या. कोकणातून, देशावरून आलेली आपली माणसे या दहा बाय सोळाच्या खोल्यांत राहिली. गिरण्यांत, गोदीत, महापालिकेच्या सफाई खात्यात, रेल्वेत राबली. समता सैनिक दल इथे होते, गायनपार्ट्या इथे होत्या, जानेवारी 1974 ची वरळीची दंगलही याच चाळींनी सोसली. दलित पँथरच्या त्या लढ्यात 10 जानेवारी 1974 रोजी भागवत जाधव शहीद झाले.

मुंबईत आलेल्या महार कुटुंबांनी आपली मरणाची रीतही सोबत आणली होती. गावाकडे बऱ्याच ठिकाणी प्रेत पुरण्याची पद्धत होती. त्याचे एक साधे कारण म्हणजे लाकडाला पैसा नव्हता. दुसरे कारण जागेचे. गावाच्या स्मशानात जाळायची परवानगी नव्हती, म्हणून महारवाड्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, पडीक जागेत पुरायचे.

आणि त्याच महाराला गावच्या मरणाची सगळी कामे मात्र होती. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव धावायचे, सरणाला लाकडे पोचवायची, आणि त्याचा मोबदला म्हणून प्रेतावरचे कापड घ्यायचे. वतनाच्या हक्कांत हाही एक ‘हक्क’ होता. अशा हक्कांवर जगणे सोडा, हे बाबासाहेबांनी सांगितले ते याचसाठी. दुसऱ्याच्या चितेला लाकूड वाहणाऱ्याला स्वतःच्या आईला जाळायला जागा नाही, ही व्यवस्था होती. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. कापड घेणे बंद झाले. पण जागेचा प्रश्न आजही अनेक गावांत तसाच आहे.

मुंबईने यात एक मोठा बदल केला. महापालिकेचे स्मशान हे गावकीचे नसते. तिथे पाटलाला विचारावे लागत नाही, पावती फाडावी लागते. चाळीतल्या माणसाला मरणानंतर पहिल्यांदा नागरिक म्हणून जागा मिळाली ती इथे. शहरात जात संपली, असा याचा अर्थ नाही. सरण रचणारे, भट्टी चालवणारे, शववाहिनी ओढणारे हात बहुतेक कोणत्या जातींचे होते आणि आहेत, हे आपल्याला माहीत आहे. करोनाच्या दोन वर्षांत सख्खे नातेवाईक दूर उभे होते तेव्हा याच कामगारांनी शहराचे मृतदेह उचलले. पण जळण्याची जागा एक झाली, ही गोष्ट लहान नाही.

रमाई ते बाबासाहेब: दोन स्मशाने, एकवीस वर्षे

मे 1935 मध्ये रमाई गेल्या तेव्हा आपण कागदोपत्री हिंदू होतो. पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा बाबासाहेबांनी का नाकारली, हे सर्वांना माहीत आहे. जिथे लांबून दर्शन घ्यावे लागते त्या देवळात आपल्या बायकोने जावे, हे त्यांना मान्य नव्हते. वरळीच्या स्मशानात हजारो माणसे जमली होती. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, येवल्याची घोषणा झाली. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हा त्या घोषणेचा आशय. त्यात मरणाचा उल्लेख आहे, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. माणूस कोणत्या धर्मात मरतो, त्याचा शेवट कोणत्या विधीने आणि कोणत्या जागेत होतो, हा बाबासाहेबांच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नव्हता.

7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहातून दादरच्या समुद्रकिनारी पोचली. ती जागा दादरच्या हिंदू स्मशानभूमीची. रत्नागिरीहून मुंबईत येऊन मोठे झालेल्या भंडारी समाजातल्या भागोजीशेठ कीर यांच्या दानातून हे स्मशान झाले होते, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या जागेवर भदंत आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत बौद्ध पद्धतीने अंत्यविधी झाला आणि चितेच्या साक्षीने लाखाच्या घरात लोकांनी तिथेच धम्मदीक्षा घेतली. स्मशानात झालेली ही दीक्षा जगाच्या इतिहासात वेगळीच आहे.

पुढे भैयासाहेबांच्या पुढाकाराने आणि समाजाच्या वर्गणीतून तिथे स्तूप उभा राहिला. 5 डिसेंबर 1971 रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ‘चैत्य’ हा शब्दच ‘चिता’ या शब्दाशी जोडलेला आहे. चितेच्या जागेवर उभारलेले स्मारक म्हणजे चैत्य. त्या अर्थाने चैत्यभूमी हे नाव अगदी नेमके आहे.

आणि ही परंपरा मुंबईला नवी नाही. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरी लेण्यांत 87 क्रमांकाच्या जागी भिक्खूंच्या स्मारकस्तूपांची लांब ओळ आहे. शंभराहून अधिक लहान विटांचे आणि दगडांचे स्तूप तिथे होते, थेरांची नावे सांगणारे लेख होते. भाजे लेण्यांतही थेरांच्या नावांचे चौदा स्तूप आजही उभे आहेत. सोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उघडला तेव्हा अस्थिकरंडक बाहेर आला. मृतांची नावे दगडात कोरून ठेवणारी जी जुनी परंपरा या प्रदेशात दिसते, ती बौद्धांची आहे. आपण तिचे वारस आहोत आणि आपल्याच आजोबांना कुठे पुरले हे आपल्याला सांगता येत नाही, ही खंत आहे.

कायदा काय म्हणतो, गाव काय करते

1955 च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्याने, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कलम 4 मध्ये पाणवठ्याबरोबरच दफन आणि दहनभूमीच्या वापराला आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला. अॅट्रॉसिटी कायद्यातही 2015 च्या दुरुस्तीने, जी 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, स्मशानाचा समान वापर रोखणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. करोनाकाळात वांद्र्याच्या दफनभूमीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये सन्मानाने अंत्यसंस्कार हा कलम 21 खालचा अधिकार मानला.

तरी काय होते? ऑगस्ट 2019 मध्ये तामिळनाडूच्या वेल्लूर जिल्ह्यात एका दलित माणसाचा मृतदेह पुलावरून दोरीने खाली सोडावा लागला, कारण स्मशानाकडे जाणारी वाट सवर्णांच्या जमिनीतून होती. जानेवारी 2025 मध्ये बस्तरमधल्या छिंदवाडा गावातील एका ख्रिस्ती पास्टरचा मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून होता. ते महरा समाजातले होते. त्यांच्या कुटुंबातील आधीची माणसे गावातच पुरलेली होती, पण आता गावाने नकार दिला. 27 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन होऊ द्यावे असे म्हटले, न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी ख्रिस्ती लोकांसाठी ठरवलेल्या जागीच ते व्हावे असे म्हटले. शेवटी गावापासून वीसेक किलोमीटर दूरच्या दफनभूमीचा आदेश झाला.

हा खटला ख्रिस्ती लोकांचा, आपला काय संबंध, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी नीट विचार करावा. धर्म बदलला म्हणून गावच्या मातीवरचा हक्क गेला, हा युक्तिवाद उद्या बौद्धांवरही चालेल. धर्मांतराची किंमत मरणानंतर वसूल करण्याचा हा प्रकार आहे.

वेगळे स्मशान मागायचे की एकच?

इथे आपल्यापुढचा अवघड प्रश्न येतो. अनेक गावांत, काही शहरांत ‘बौद्ध स्मशानभूमी’ची मागणी होते. ती करणारे तरुण प्रामाणिक आहेत. त्यांचे म्हणणे असे: आपला विधी वेगळा आहे, त्रिशरण-पंचशील घेताना शेजारी दुसरे मंत्र चालू असतात, स्मशानाच्या भिंतीवर देवतांची चित्रे असतात. शिवाय गावच्या स्मशानात गेलो तर भांडण ठरलेलेच. मग आपली स्वतंत्र जागा का नको?

दुसरी बाजूही ऐकावी लागेल. पूर्वीचे महारांचे मसणवटे हे जातीने दिलेले वेगळेपण होते. त्याच जागेवर पत्र्याची शेड टाकून ‘बौद्ध स्मशानभूमी’ असा फलक लावला तर पंचायतीला सोयीचेच होते. गावचे मुख्य स्मशान मराठ्यांचे राहते, आपल्याला निधी मिळाल्याचे समाधान मिळते आणि अस्पृश्यता नव्या नावाने पक्की होते. आपण मागितले म्हणून वेगळे झाले, असे उत्तर तयार ठेवले जाते.

संघपरिवाराचीही एक घोषणा आहे: एक मंदिर, एक पाणवठा, एक स्मशान. डॉ. बाबा आढाव यांनी 1970 च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळ चालवली ती हक्काच्या भाषेत. या नव्या घोषणेत स्मशान एक करायचे ते सगळ्यांना हिंदू म्हणून एका छत्राखाली आणण्यासाठी. ती आपली भूमिका असू शकत नाही. आपला हक्क संविधानाच्या कलम 15 आणि 17 मधून येतो, कुणाच्या औदार्यातून किंवा समरसतेतून येत नाही.

मग आमची भूमिका काय? बाबासाहेबांच्या अंत्यविधीनेच ती दाखवून दिली आहे, असे आम्हाला वाटते. जागा सार्वजनिक होती, विधी बौद्ध होता. सार्वजनिक पैशाने चालणारे प्रत्येक स्मशान प्रत्येकाला खुले असलेच पाहिजे आणि तिथे आपल्या धम्माप्रमाणे विधी करण्याची मोकळीक असलीच पाहिजे. हा हक्क आधी बजावायचा. तो मिळाल्यानंतर एखाद्या मोठ्या वस्तीने सोयीसाठी, लोकसंख्येच्या प्रमाणात जादा जागा मागितली तर ती मागणी स्वाभिमानाची ठरेल. हक्क सोडून मागितलेली वेगळी जागा मात्र महारवाड्याचीच पुढची आवृत्ती ठरेल. एक कसोटी लावावी: उद्या आपले प्रेत मुख्य स्मशानात नेले तर कुणी अडवेल का? उत्तर ‘हो’ असेल तर लढाई तिथे आहे, नव्या शेडच्या निधीत नाही.

शहरातही गाफील राहू नये. मुंबईत जागा इतकी कमी आहे की दफनभूमींत एकाच कबरीची जागा पुन्हा पुन्हा वापरावी लागते. देवनार-गोवंडी भागातील दफनभूमीसाठी रहिवाशांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि 2024 मध्ये न्यायालयाने महापालिकेला खडे बोल सुनावले. तिथे मुस्लिम वस्ती आहे आणि आपलीही आहे. पुनर्विकासात घरांची संख्या अनेक पटींनी वाढते, पण नव्या आराखड्यात स्मशानाची जागा किती वाढली हे कुणी विचारत नाही. बिल्डरला स्मशान शेजारी नको असते, कारण फ्लॅटचा भाव पडतो. चाळीतल्या माणसाने मात्र पिढ्यान् पिढ्या स्मशानाच्या धुराशेजारी संसार केला.

आपण काय करायचे?

पहिले, मृत्यूची नोंद. मृत्यू 21 दिवसांच्या आत नोंदवावा लागतो आणि माहितीच्या नमुन्यात धर्माचा रकाना असतो. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती हे पर्याय छापलेले असतात, इतर धर्म असेल तर लिहावा लागतो. दुःखात कुणाचे लक्ष नसते, रुग्णालयातला किंवा स्मशानातला कारकून सवयीने ‘हिंदू’ लिहितो. आयुष्यभर बौद्ध म्हणून जगलेला माणूस सरकारी आकडेवारीत हिंदू म्हणून मरतो. येवल्याच्या घोषणेचा याहून मोठा पराभव कोणता? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. 2027 च्या जनगणनेसाठी आपण मोहिमा काढतो आहोत, तेवढीच जागरूकता मृत्यूच्या नमुन्यावर हवी. प्रत्येक शाखेने एका कार्यकर्त्यावर ही जबाबदारी द्यावी.

दुसरे, जमिनीचा कागद. गावाकडच्या बौद्धवाडीची स्मशानाची जागा सातबाऱ्यावर ‘स्मशान’ म्हणून नोंदलेली आहे का, तिथे जाणारी वाट नकाशात आहे का, हे सुट्टीत गावी गेल्यावर तलाठ्याकडे तपासा. नोंद नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा, तहसीलदाराकडे अर्ज द्या, माहितीचा अधिकार वापरा. नोंद नसलेली जागा आज ना उद्या कुणाच्या तरी शेतात जाते आणि पावसाळ्यात ताडपत्री धरून प्रेत जाळण्याची वेळ येते.

तिसरे, आठवणी. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींतली सत्तरी-ऐंशीतली माणसे अजून आहेत. अंत्ययात्रा कोणत्या रस्त्याने जात असे, भजन म्हणणारी मंडळी बुद्धवंदना कधीपासून म्हणू लागली, जलदान विधीची पद्धत कशी बसली, बायका स्मशानात कधीपासून यायला लागल्या, हे त्यांना विचारा आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. 1956 नंतर एका समाजाने आपला मरणाचा विधी दहा-पंधरा वर्षांत संपूर्ण बदलला. पिंड गेले, कावळ्याची वाट पाहणे गेले, तेराव्याचे कर्ज गेले. हे कोणत्याही विद्यापीठाने नीट नोंदवलेले नाही. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांच्या जुन्या वह्यांत, मयत फंडाच्या हिशेबांत हा इतिहास पडून आहे. चाळ रिकामी होताना या वह्या रद्दीत जाता कामा नयेत.

चौथे, वरळी. इंदू मिलच्या जागेवर भव्य स्मारक उभे राहत आहे, त्याचा अभिमान आहेच. पण येत्या 27 मे रोजी आपल्या वस्तीतल्या मुलींना, मुलांना घेऊन वरळीच्या स्मशानभूमीत जा. रमाईंच्या स्मृतिस्थळाजवळ बसा. शेण्या थापून संसार केलेल्या आणि चार लेकरांना मातीत ठेवलेल्या त्या बाईची गोष्ट तिथे सांगा. मग जपानी विहारात जाऊन वंदना घ्या.

सतिपठ्ठान सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना स्मशानाकडे बघायला शिकवले आहे. देह कसा विरतो ते बघा, म्हणजे अहंकार विरेल. त्या नजरेला ब्राह्मणाचे हाड आणि महाराचे हाड वेगळे दिसत नाही. गावकीला अजून वेगळे दिसते, म्हणून तर तिथे दोन स्मशाने आहेत. रमाईंना वरळीत निरोप देऊन नव्वद वर्षे झाली. मुंबईच्या चाळीतल्या माणसाला पावतीवर जे मिळाले, ते गावच्या प्रत्येक बौद्धवाडीला मिळेपर्यंत हा विषय आम्ही मांडत राहू.

जय भीम. नमो बुद्धाय.